अर्थिंग

आमच्या बेटावर झाड नाही.
म्हणजे आहेत चार-दोन, चर्चच्या भिंतीआड,
वाऱ्याकडे पाठ करून म्हातारी झालेली,
पण गिटार कापून काढावी असं एकही नाही.
म्हणून लाकूड जहाजाने आलं, बुधवारी,
क्लाक्सविकच्या धक्क्यावर, पोलंडहून,
आकार आधीच कापलेला.
खोकं उघडलं आणि स्वयंपाकघरात
परगावचा कुणी येऊन बसावा तसा वास.
मी बराच वेळ नुसतीच नाक लावून होते.

तुम्मास म्हणाला, हेरबोर्ग, तयार मिळते की टोर्सहाव्नला.
म्हटलं, मिळते.
तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
दुसऱ्यांनी जोडलेलंच दुरुस्त करत आले,
शीतघराच्या मोटारी, पट्ट्यावरचे दिवे,
कुणीतरी घाईत पिळलेल्या वायरी.
एकदा तरी चूक पहिल्यापासून माझी असू दे.

दांडीने तीन आठवडे दांडी मारली.
आली तेव्हा भोकं जुळेनात, केसभर.
केसभर म्हणजे किती, ते बोल्ट बसवणाऱ्याला विचारा.
काड्यापेटीतल्या काड्या गोंदात बुडवून
भोकं बुजवली, रात्रभर ठेवली, पुन्हा पाडली.
एक पुन्हा चुकलंच. तो स्क्रू अजून
जरा तिरपा उभा असतो,
वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखा.

रंग विकत घेतला नाही.
हानुसची होडी आइसलंडच्या माणसाने नेली
त्याला दोन वर्षं झाली,
पण तिचा निळा डबा माझ्या खोपटात होता,
तळाशी बोटभर.
वरची साय फोडली, ढवळला, तीन हात दिले.
होडीचा रंग जाड, लाकडाचा आवाज मारतो म्हणे.
मारू दे.
हानुस आला तो दारातच थांबला.
निळा ठोकळा दोरीला टांगलेला, सावकाश फिरत होता.
"पाण्याखाली लाल असायची ती,"
एवढंच म्हणाला माझा भाऊ,
आणि ओतलेली कॉफी तशीच ठेवून गेला.

पिकअप बाहेर काढले तर
टेबलावरचे बारीक स्क्रू आपण होऊन
त्यांच्याकडे चालत गेले.
कोळ्याच्या धाग्याएवढं तांबं, हजारो वेढे.
गुंडाळणाऱ्याला मध्येच कुणी हाक मारली असेल का?
या वाद्याला पोट नाही.
पोकळी नाही, म्हणून स्वतःचा आवाज नाही.
थरथर चुंबकाने ऐकायची,
वायरीने न्यायची, बोलायचं तिसऱ्याच खोक्याने.
आमच्या जुन्या लोकांकडे तर वाद्यच नव्हतं.
हातात हात, फळ्यांवर पाय, आणि गळा.

जूनमधल्या एका रात्री
(रात्र म्हणायचं ते घड्याळाच्या भिडेखातर)
शेवटचा डाख दिला, प्लग लावला.
हूंऽऽऽ.
शीतघर नंबर दोन. तोच सूर, तीस वर्षांचा.
तार छेडली तर ती त्याच्या मागून, दुरून,
धुक्यात कुणी दार ठोठवावं तशी.
झाकण उघडलं. सगळं जागच्या जागी.
चौथ्यांदा पाहिलं तेव्हा दिसली
घोडीखालची काळी वायर, कुठेच न जोडलेली.
अर्ध्या गावाला अर्थिंग दिलंय मी,
आणि माझ्याच टेबलावर
अर्थ लावायचा राहून गेला होता.

जोडली.
आता मी तारांवर हात ठेवला की गुणगुण थांबते,
काढला की परत येते, हलकीशी.
कारण मला ठाऊक आहे, तोंडपाठ आहे.
तरी उगाच हात ठेवून बसते,
काहीच न वाजवता.

काल सकाळी दाराशी एक छोटा डबा होता, लाल.
झाकणावर दगड, वाऱ्यासाठी.
म्हणजे तारा सगळ्या काढाव्या लागणार.
बुधवारी जहाज आहे,
नव्या मागवते.